जीवक नावाचा इंग्रज श्रामणेर
डॉ. मायकेल डिलन यांचे जीवन आणि लेखन

जीवकाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकलेली आहे. राजगृहातल्या सालवती नावाच्या गणिकेला मुलगा झाला. ते मूल सुपात घालून उकिरड्यावर टाकून देण्यात आले. राजपुत्र अभय त्या बाजूने चालला होता. कावळ्यांनी कशाला तरी घेरले आहे हे पाहून त्याने विचारले, तिथे काय आहे? लोक म्हणाले, मूल आहे. जिवंत आहे का? होय, जिवंत आहे. म्हणून त्या मुलाचे नाव पडले जीवक. पुढे तक्षशिलेला सात वर्षे शिकून तो मोठा वैद्य झाला. बिंबिसार राजाचा वैद्य आणि तथागतांचाही वैद्य. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जीवकाच्या धम्मदीक्षेची कथा आवर्जून सांगितली आहे.

हेच नाव धारण करणारा एक इंग्रज डॉक्टर १५ मे १९६२ रोजी हिमाचलातल्या डलहौसी येथील रुग्णालयात मरण पावला. त्याचे वय होते अवघे सत्तेचाळीस. अंगावर तिबेटी परंपरेतल्या श्रामणेराचे चीवर होते आणि नाव होते लोबझांग जीवक. त्याआधी त्यांचे नाव होते डॉ. लॉरेन्स मायकेल डिलन. आणि त्याही आधी, जन्माच्या दाखल्यावर, एका मुलीचे नाव होते.

स्त्रीच्या शरीरात जन्मलेल्या, पण मनाने पहिल्यापासून पुरुष असलेल्या या माणसाने औषधे आणि शस्त्रक्रिया यांच्या साह्याने आपले शरीर मनाशी जुळवून घेतले. असे करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या माणसांत त्यांची गणना होते. परंतु त्यांचे मोठेपण एवढ्यावर संपत नाही. आपल्यासारख्यांचे काय होते, का होते आणि समाजाने त्यांच्याशी कसे वागावे हे त्यांनी लिहून ठेवले. ज्या काळात या गोष्टीला धड शब्दही नव्हता, त्या काळात लिहिले. म्हणून त्यांची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावीशी वाटते.

हा विषय घरात वाचायचा का, असा संकोच काही वाचकांना वाटेल. त्यांच्यासाठी एक आठवण सांगतो. १९३४ साली मुंबईत प्रा. र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. वाचक लैंगिक विषयावर प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांना शास्त्रीय उत्तरे देत, एवढाच त्यांचा गुन्हा. त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच ठरते असे नाही आणि लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते हे इतिहासात नोंदलेले आहे.

आत्यांच्या घरी वाढलेले मूल

डिलन यांचा जन्म १ मे १९१५ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे आयर्लंडमधील लिस्मलन येथील सरदारांचे. त्यांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई वारली. वडिलांनी मुलांना स्वतःजवळ ठेवले नाही. थोरला भाऊ आणि हे मूल, दोघांना समुद्रकाठच्या फोकस्टन या गावी आत्यांच्या हवाली केले. १९२५ साली वडीलही गेले. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती, मायेची मात्र होती.

मुलगी म्हणून वाढवले जात असताना आपण मुलगी नाही ही जाणीव मनात पक्की होती, पण ती कोणाला सांगणार? पुढे ऑक्सफर्डला शिकायला गेल्यावर नौकानयनात त्यांनी नाव काढले. मुलींच्या नौकानयन मंडळाचे अध्यक्षपद मिळवले. १९३८ साली पदवी घेतली. केस आखूड, कपडे पुरुषी. रस्त्यावरचे लोक वळून पाहत, कुजबुजत. पाहणाऱ्यांच्या दृष्टीने ती एक विचित्र मुलगी होती. स्वतःच्या दृष्टीने मात्र तो चुकीच्या नावाने हाक मारला जाणारा एक तरुण होता.

गॅरेजातली चार वर्षे

याच सुमारास शास्त्रात एक मोठी गोष्ट घडली होती. पुरुषी संप्रेरक, ज्याला टेस्टोस्टेरॉन म्हणतात, ते १९३५ साली प्रयोगशाळेत तयार करता आले. संप्रेरके म्हणजे शरीरातल्या ग्रंथींनी रक्तात सोडलेली रसायने. स्त्री आणि पुरुष दोघांच्याही शरीरात दोन्ही प्रकारची संप्रेरके असतात, फक्त त्यांचे प्रमाण वेगवेगळे असते. वयात येताना मुलाचा आवाज फुटतो, दाढी-मिशा येतात, ते या रसायनामुळेच.

१९३९ साली डिलन यांनी डॉ. जॉर्ज फॉस यांना गाठले. स्त्रियांच्या अतिरक्तस्रावावर या संप्रेरकाचा उपयोग होतो का, हे फॉस पाहत होते. त्यांनी गोळ्या दिल्या, पण आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा असे सांगितले. त्या तज्ज्ञाने रुग्णाचे गुपित पोटात ठेवायचे सोडून बाहेर बोलून टाकले. बघता बघता गावभर चर्चा झाली. प्रयोगशाळेतली नोकरी सोडून डिलन ब्रिस्टल शहरात गेले आणि एका गॅरेजात कामाला लागले.

सरदार घराण्यातला, ऑक्सफर्डला शिकलेला हा माणूस गाड्यांत पेट्रोल भरू लागला, बंद पडलेल्या गाड्या ओढून आणू लागला. महायुद्ध सुरू झाले होते. जर्मन विमाने ब्रिस्टलवर बॉम्ब टाकीत. रात्री जागून आगीवर पहारा करायचे कामही डिलन यांच्याकडे आले. बरोबरचे कामगार टिंगल करीत, नव्या माणसाला मुद्दाम सांगत की हा दिसतो तसा नाही. इकडे गोळ्यांचा परिणाम दिसू लागला होता. आवाज जाड झाला, दाढी आली. अनोळखी माणसे त्यांना सरळ पुरुष समजू लागली. ओळखीचेच तेवढे आडवे येत होते.

रक्तातली साखर उतरून चक्कर येण्याचा त्यांना त्रास होता. एकदा असेच कोसळले, डोक्याला मार लागला आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तिथे एका शल्यचिकित्सकाने त्यांचे म्हणणे न हसता ऐकून घेतले. १९४२ साली त्याने त्यांच्या छातीवरची शस्त्रक्रिया केली, जन्मदाखला बदलून घेण्यासाठी डॉक्टरी चिठ्ठी दिली आणि सर हॅरल्ड गिलीज या मोठ्या शल्यचिकित्सकांचे नाव सांगितले. १९४४ साली सरकारी दप्तरात लॉरेन्स मायकेल डिलन असे पुरुषाचे नाव लागले.

पुण्याच्या कारागिराचे ऋण

गिलीज हे प्लास्टिक सर्जरीचे आधुनिक जनक मानले जातात. पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या शेकडो सैनिकांना त्यांनी पुन्हा माणसांत आणले होते. त्यांची पद्धत अशी, की कातडीचा पट्टा एकदम तोडायचा नाही. त्याचे एक टोक मूळ जागी जोडलेले ठेवायचे, म्हणजे त्यातून रक्त वाहत राहते आणि नव्या जागी कातडी जिवंत राहते.

या तत्त्वाचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला आहे. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. कातडीचे टोक तसेच जोडलेले ठेवून! ही हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि ती वाचून इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी तशी शस्त्रक्रिया सुरू केली. त्या कारागिराला ना पदवी होती, ना समाजात मान. त्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही. पण त्याच्या हातातली विद्या साता समुद्रापार गेली.

१९४६ ते १९४९ या काळात गिलीज यांनी डिलन यांच्यावर कमीत कमी तेरा शस्त्रक्रिया केल्या. खरे कारण लपवण्यासाठी कागदोपत्री जन्मजात व्यंगाचे नाव लिहिले. जखमा चिघळत, कधी कधी चालणेही कठीण होई. लोकांनी लंगडण्याचे कारण विचारले तर डिलन सांगत, युद्धात बॉम्बहल्ल्यात लागले.

शरीर बदलावे की मन?

याच दरम्यान, १९४६ साली त्यांचे 'सेल्फ' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सेल्फ म्हणजे स्वत्व, मीपण. नीतिशास्त्र आणि संप्रेरकशास्त्र यांचा एकत्र विचार करणारे हे पुस्तक होते. ग्रंथी कशा काम करतात, संप्रेरकांचा शरीरावर आणि स्वभावावर काय परिणाम होतो, स्त्री आणि पुरुष यांच्या मधल्या जागेत निसर्ग किती प्रकार घडवतो, समलिंगी माणसे कोण आणि आपले शरीर आपले न वाटणारी माणसे कोण, यांतला फरक त्यांनी उलगडून सांगितला. तो काळ असा होता की या सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधून विकृत ठरवले जाई.

पुस्तकातला मुख्य मुद्दा साधा आहे. अशा माणसाचे मन बदलण्याचे सर्व प्रयत्न व्यर्थ ठरतात. मन बदलत नसेल तर शरीर मनाजोगे करावे आणि त्याला सुखाने जगू द्यावे. त्यासाठी डॉक्टरांनी मदत करावी, कायद्याने आडकाठी करू नये. शिवाय, ज्याचे दुःख आहे त्यालाच विचारावे की त्याला काय हवे आहे. आज हे आपल्याला सरळ वाटेल. पण १९४६ साली हे लिहायला धाडस लागत होते.

एक गोष्ट मात्र पुस्तकात नव्हती. हे सगळे माझ्यावर बेतले आहे, असे लेखकाने कुठेही म्हटले नाही. त्रयस्थ अभ्यासकाच्या भाषेत त्यांनी आपलीच कैफियत मांडली. जगाला शिकवायचे होते, पण स्वतःला लपवायचेही होते. या ओढाताणीत पुढचे सारे आयुष्य गेले.

गुपिताचे ओझे

१९४५ साली ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाले. अडचण अशी होती की ऑक्सफर्डची पदवी मुलींच्या संस्थेची! एका जुन्या शिक्षकाने खटपट करून ती नोंद बदलून घेतली. त्या एका भल्या माणसामुळे त्यांचा मार्ग मोकळा झाला. डब्लिनला ते पुरुषांच्या संघातून नौकानयनात उतरले. १९५१ साली डॉक्टर झाले.

त्यांचे पुस्तक वाचून रॉबर्टा कॉवेल नावाची व्यक्ती त्यांना भेटायला आली. पुरुष म्हणून जन्मलेली, महायुद्धात लढाऊ विमान चालवलेली आणि मोटारशर्यतीत भाग घेतलेली ही व्यक्ती मनाने स्त्री होती. तिच्यासमोर डिलन यांनी प्रथमच आपले मन मोकळे केले. तिच्यासाठी त्यांनी कायदा मोडून, स्वतःची पदवी धोक्यात घालून एक शस्त्रक्रियाही केली. पुढची शस्त्रक्रिया गिलीज यांनी केली. डिलन यांनी तिला लग्नाची मागणी घातली. तिने नकार दिला.

त्यानंतर त्यांनी कुणा स्त्रीला जवळ येऊ दिले नाही. स्त्रियांविषयी ते मुद्दाम तुच्छतेने बोलत, म्हणजे कोणी जवळीक करणार नाही. ही त्यांची चूकच होती आणि ती झाकायचे कारण नाही. ज्याने स्वतः स्त्री म्हणून झालेला कोंडमारा भोगला, त्याने स्त्रियांना उणे लेखावे हे शोभणारे नव्हते. पण सतत गुपित जपत राहिले की माणूस कसा कडवट होतो, याचेही ते उदाहरण आहे.

१९५२ साली ते व्यापारी जहाजावर डॉक्टर म्हणून रुजू झाले. सहा वर्षे समुद्रावर गेली. याच काळात अध्यात्माची आणि बौद्ध विचारांची पुस्तके त्यांच्या वाचनात आली. माणूस म्हणजे कोण, मी म्हणजे कोण, हा 'सेल्फ'मधलाच प्रश्न आता ते वेगळ्या अंगाने विचारू लागले.

आणि १९५८ साली घात झाला. इंग्लंडमधल्या सरदार घराण्यांच्या वंशावळी दोन वेगवेगळ्या ग्रंथांत छापल्या जात. एका ग्रंथात लिस्मलनच्या गादीचा वारस म्हणून मायकेल यांचे नाव होते, तर दुसऱ्यात त्याच जागी बहिणीचे जुने नाव. ही तफावत वर्तमानपत्रवाल्यांच्या नजरेत आली. जहाज अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरात असताना बातमीदार त्यांना शोधत आले. पंधरा वर्षे जिवापाड जपलेले गुपित एका दिवसात जगभर झाले. सख्ख्या भावाने पाठ फिरवली. डॉ. डिलन यांनी जहाज सोडले आणि ते भारताकडे निघाले.

दारावरचा नियम

भारतात ते कालिम्पाँगला पोहोचले. तिथे इंग्रज भिक्खू संघरक्षित यांचा विहार होता. संघरक्षितांचे नाव महाराष्ट्रातल्या बौद्धांना अपरिचित नाही. बाबासाहेबांची आणि त्यांची भेट झालेली होती. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या वेळी ते नागपुरात होते आणि त्यांनी शोकाकुल जनतेला धीर दिला होता. पुढेही ते महाराष्ट्रात धम्मप्रचारासाठी फिरत राहिले. जीवक हे नाव डॉ. डिलन यांना दिले ते त्यांनीच. डॉक्टर असलेल्या माणसाला तथागतांच्या वैद्याचे नाव!

डॉ. डिलन यांनी त्यांना विश्वासाने आपली सारी हकीकत सांगितली. मात्र उपसंपदेचा प्रश्न आला तेव्हा संघरक्षितांनी आक्षेप घेतला. विनयातल्या एका नियमानुसार ज्यांना 'पंडक' म्हटले आहे त्यांना उपसंपदा देता येत नाही. नंतर डिलन सारनाथला श्रामणेर म्हणून राहिले, तेव्हा हा आक्षेप तिथेही पोहोचला. ज्या सारनाथला तथागतांनी पहिले प्रवचन दिले, तिथे या माणसाला दार बंद झाले.

इथे विनयाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. 'पंडक' शब्दाचा नेमका अर्थ काय, यावर विद्वानांत एकमत नाही. शिवाय त्याच विनयपिटकात दुसरीही एक कथा आहे. एका भिक्खूच्या शरीरात स्त्रीची लक्षणे प्रकट झाली. भिक्खू गोंधळले, तथागतांकडे गेले. तथागतांनी त्याला संघाबाहेर काढले नाही. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा आणि तेवढीच ज्येष्ठता कायम ठेवून त्याने भिक्खुणी संघात राहावे असे सांगितले. भिक्खुणीच्या बाबतीत असे झाले तर तिने भिक्खू संघात जावे, असेही सांगितले. धम्मपदाच्या अट्ठकथेत सोरेय्य थेराची गोष्ट आहे. तो पुरुषाचा स्त्री झाला, त्याने मुलांना जन्म दिला, पुन्हा पुरुष झाला आणि संघात आला. म्हणजे हा विषय आपल्या ग्रंथांना नवा नाही.

आणखी एक योगायोग पाहा. मगधात रोगांची साथ आली तेव्हा जीवकाकडून फुकट उपचार मिळावेत म्हणून रोगी माणसे संघात शिरू लागली. बरी झाली की चीवर सोडून जात. तेव्हा जीवकाने विनंती केली आणि कुष्ठ, क्षय वगैरे पाच रोग असणाऱ्यांना दीक्षा देऊ नये असा नियम झाला. नियम अशा एखाद्या अडचणीतून जन्मतो. पण बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथासाठी कथा निवडल्या तेव्हा त्यांत सुप्रबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा घेतली. सुनीत भंगी, उपाली न्हावी, सोपाक यांच्या कथा घेतल्या. दार कोणासाठी उघडले गेले ते त्यांनी आपल्याला दाखवले. डिलन यांच्या वेळी दारावरच्या मंडळींना नियम आठवला, त्यामागचे कारण आठवले नाही.

रिझोंगचे स्वयंपाकघर

डॉ. डिलन यांनी धम्म सोडला नाही. त्यांनी विनयाचा अभ्यास केला आणि १९६० साली त्यावर एक पुस्तकही प्रसिद्ध केले. लडाखचे कुशोक बकुला रिन्पोछे यांच्या साह्याने ते लडाखमधील रिझोंग मठात गेले. हा मठ शिस्तीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे त्यांना तिबेटी परंपरेतली श्रामणेर दीक्षा मिळाली. श्रामणेराला तिथे गेत्सुल म्हणतात आणि इंग्रजाला इमजी. म्हणून ते झाले इमजी गेत्सुल.

पंचेचाळीस वर्षांचा, दोन विद्यापीठांत शिकलेला हा डॉक्टर मठात कोवळ्या पोरांच्या पंक्तीला सर्वांत खालच्या जागेवर बसू लागला. स्वयंपाकघरात भांडी घासणे, पडेल ते काम करणे, जवाचे पीठ आणि लोण्याचा चहा घेणे. भाषा येत नव्हती. सरदारकीचा, गोऱ्या कातडीचा आणि शिक्षणाचा जो अहंकार इतकी वर्षे सोबत होता, तो तिथल्या राखेने घासून निघाला. तिथे आपण आनंदात होतो असे त्यांनी लिहिले आहे. जन्मापासून शोधत असलेली कुठेतरी सामावले जाण्याची भावना त्यांना सरदारांच्या वाड्यात मिळाली नाही, ती मठाच्या चुलीपाशी मिळाली.

हे सुख काही महिनेच टिकले. लडाख सीमेचा प्रदेश, परकीयांना राहायला परवाना लागे. त्यांची मुदत संपली आणि त्यांना परतावे लागले. पुन्हा जाण्याची परवानगी मिळावी म्हणून ते वाट पाहत राहिले. मधल्या काळात लिहीत राहिले. रिझोंगच्या अनुभवावरचे 'इमजी गेत्सुल' आणि मिलारेपांचे चरित्र ही पुस्तके १९६२ साली प्रसिद्ध झाली.

जाळायला सांगितलेले पुस्तक

शेवटी त्यांनी ते काम हाती घेतले जे 'सेल्फ'मध्ये राहून गेले होते. आपली हकीकत आपल्या नावाने सांगायची. १ मे १९६२ रोजी, आपल्या सत्तेचाळिसाव्या वाढदिवशी, त्यांनी आत्मचरित्र पूर्ण केले आणि हस्तलिखित लंडनला आपल्या प्रतिनिधीकडे पाठवून दिले. दोनच आठवड्यांनी डलहौसीला त्यांचे निधन झाले.

भावाला हे हस्तलिखित जाळून टाकायला हवे होते. घराण्याची अब्रू! पण प्रतिनिधीने नकार दिला आणि कागद जपून ठेवले. १९८९ साली लिझ हॉजकिन्सन यांनी त्यांचे चरित्र लिहिले. आणि लिहिल्यानंतर पंचावन्न वर्षांनी, २०१७ साली, ते आत्मचरित्र अमेरिकेत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर दोन्ही नावे आहेत, मायकेल डिलन आणि लोबझांग जीवक.

डॉ. डिलन यांनी जे एकट्याने मांडले ते पुढे जगाला मान्य करावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या यादीत सुधारणा करून ही अवस्था मानसिक आजारांतून वगळली. आपल्या देशात १५ एप्रिल २०१४ रोजी, भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आपण स्त्री आहोत, पुरुष आहोत की तृतीयपंथी, हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे. आधार कोणता? संविधानाची १४, १५, १६, १९ आणि २१ ही कलमे. समता, भेदभावाला मनाई, समान संधी, स्वातंत्र्य आणि सन्मानाने जगण्याचा हक्क. याच कलमांच्या आधाराने आपल्याही कित्येक पिढ्या माणसांत आल्या. २०१९ साली संसदेने कायदा केला, त्यातल्या तरतुदींवरून तृतीयपंथीयांनी आंदोलनेही केली. वाट अजून लांब आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, असे मूल केवळ सरदाराच्या घरी जन्मते असे नाही. ते चाळीत जन्मते, झोपडपट्टीत जन्मते, आपल्याही नात्यात असू शकते. मुलगा बहिणीची ओढणी घेऊन आरशापुढे उभा राहतो, मुलगी फ्रॉक घालायला साफ नकार देते. सगळीच अशी मुले डिलन यांच्यासारखी असतात असे नाही. पण एखादे मूल वर्षानुवर्षे तेच सांगत असेल, तर त्याला मारून, कोंडून, देवरुषाकडे नेऊन किंवा घाईने लग्न लावून काही बदलत नाही. लग्न लावले तर दुसऱ्याच्या लेकीचा किंवा लेकाचाही जन्म वाया जातो. मन बदलून देतो असे सांगणारे डॉक्टरही भेटतील. असले उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. चांगल्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि त्याहून आधी मुलाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.

डिलन यांच्या आयुष्यात मदत करणारी माणसे मोजकीच होती. रुग्णालयात न हसता ऐकून घेणारा एक डॉक्टर, नोंद बदलून घेणारा एक शिक्षक, दार उघडणारे एक लामा, कागद न जाळणारा एक प्रतिनिधी. त्यांपैकी एकही रक्ताच्या नात्याचा नव्हता. आपल्या घरात, आपल्या विहारात असे कोणी आले तर पहिले दार आईबापांनी उघडावे.

उकिरड्यावरच्या मुलाला पाहून राजपुत्र अभयने त्याची जात विचारली नाही, आईबापांचे नाव विचारले नाही. त्याने एवढेच विचारले, जिवंत आहे का? आणि मग त्याला घरी नेले.